मदत हवी आहे: सकारात्मक विचारांनी झोप येते म्हणतात, माझी तर उडते

नमस्कार मंडळी,

फोंड्याहून लिहितेय. वय पन्नाशीच्या अलीकडे. रात्री पाठ टेकली की डोळा लागतो, पण दोन-अडीचला टक्क जाग येते. मग पहाटे पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू येईपर्यंत नुसती कूस बदलत राहायचं.

घरात सगळ्यांचं निदान एकच, "तू चिंता फार करतेस." धाकटी जाऊ तर रोज सांगते, "वैनी, बरं तेवढंच आठवायचं, बघा कशी झोप येते." तिला येते हे खरं. पावसात वीज जाऊन पंखा थांबला तरी तिला पत्ता नसतो.

म्हणून मीही अंधारात चांगल्या गोष्टी आठवायला घेते. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, ही पहिली. लगेच त्याची बाईक आणि तिथली वाहतूक डोळ्यांपुढे. दुकानाची जागा स्वतःची आहे, ही दुसरी. पण पावसाआधी कौलं चाळून घ्यायचीत ना! सासूबाईंची साखर आटोक्यात आहे, ही तिसरी, आणि त्यांच्या गोळ्या संपत आल्या का ते बघायला मी सरळ उठतेच.

नेटवर शोधलं तर जावेचंच खरं असल्यासारखं दिसतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी ३२ ते ५१ वयाच्या साडेतीन हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आशावादी लोकांची झोप जास्त चांगली निघाली. पण झोप कशी लागते हे त्या लोकांनी स्वतःच सांगितलं होतं. आशावादी माणूस आपल्या झोपेबद्दलही चांगलंच बोलणार की! शिवाय नीट झोपणाऱ्याला सकाळी जग बरं दिसतं, हे तर मी रोज उलट्या बाजूने अनुभवते. झोप झाली नाही की दुकानात पहिल्याच गिऱ्हाइकावर वसकन ओरडते.

तर विचारायचं ते हे: सुरुवात कुठून करायची? मनापासून की झोपेपासून? कुणाला गुण आला असेल तर सांगा. जायफळ घातलेलं दूध आणि तळपायाला खोबरेल, दोन्ही चालू आहे.

अंत्रुजकर: ताई, दुपारी झोपता का? फोंड्यात एक ते साडेतीन दुकानं बंद, म्हणून विचारलं.

धागाकर्ती: झोपते की. जेवून तासभर, कधी दीड तास. रात्रीची भरपाई नको का व्हायला? आणि उठल्यावर चहा, पाचला दुकानात आणखी एक.

अंत्रुजकर: मग रात्रीच्या झोपेतला वाटा दुपारीच संपला. जागेपणी झोपेची ओढ हळूहळू साठत जाते, दुपारच्या दीड तासात ती उतरते. झोपायचंच तर वीस मिनिटं, तेही तीनच्या आत. चहाचंही बघा, त्यातलं निम्मं कॅफिन चार-पाच तासांनीही अंगात असतं. आमच्या गोव्यात हे सांगणं म्हणजे पाप, पण इलाज नाही.

निशाचर: रात्री दोनला सकारात्मक व्हायचा प्रयत्न हा पण प्रयत्नच. झोप लागली का, मन शांत झालं का, अशी आपण आपलीच परीक्षा घेत बसतो आणि मेंदू जागा राहतो. मी समुपदेशकाकडे गेले होते. तिने सकारात्मक विचारांचं नावही काढलं नाही. जाग आली आणि साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर खाटेवरून उठायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे जड झाले की परत. घड्याळ बघायचं नाही. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ तीच. कौलं, गोळ्या, बाईक हे सगळं संध्याकाळी सातला वहीत लिहायचं आणि समोर उद्या काय करायचं तेही. याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धत. जुन्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हेच करावं, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलंय. पहिला आठवडा वाईट जातो, सांगून ठेवते. पुढे झोप सुधारली तसा माझा स्वभावही निवळला, घरचे साक्षीदार आहेत.

आणि तुमचं वय बघता पाळीतले बदल, थायरॉइड, घोरणं हे आधी डॉक्टरांना विचारा. रात्री घामाने जाग येत असेल तर त्यात विचारांचा काही दोष नाही.

अंत्रुजकर: बोलायला माणूस हवं असेल तर टेलिमानस ही मनाच्या आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट, रात्रीही चालू. नाहीतर बांबोळीचं आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, आहेच. तिथे गेलं म्हणजे वेड लागलं असं समजणारे आपल्याकडे अजून आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

धागाकर्ती: घाम येतो हो, मी उकाड्यावर ढकलत होते. डॉक्टरांकडे याच आठवड्यात जाते. दुपारची झोप तोडणं जड जाईल, आमचे हे त्याच वेळी शेजारी घोरत असतात. तेवढा वेळ हिशेबाची वही घेऊन बसेन म्हणते. बांबोळीला थेट गेलं तर चालतं की आधी डॉक्टरांची चिठ्ठी लागते? कुणी गेलं असेल तर लिहा.