नुसते अनुभवी कॅप्टन पुरत नाहीत

काहींना वाटतं, जहाज संकटात सापडलं तर किनाऱ्यावरून मदत करायला शिपिंग कंपनीच्या ऑफिसात दोन-तीन मुरलेले कॅप्टन आणि एक चीफ इंजिनिअर बसवले की इमर्जन्सी टीम तयार. मग जहाजाच्या तोलाचा हिशोब कोण करणार? नेव्हल आर्किटेक्ट, म्हणजे जहाजाची रचना आणि तोल यांचं गणित जाणणारा इंजिनिअर, हवाच. ५,००० टन डेडवेट (वजन वाहण्याची क्षमता) आणि त्यावरच्या तेलवाहू जहाजांसाठी तर किनाऱ्यावरून डॅमेज स्टॅबिलिटी (नुकसान झालेल्या जहाजाचा तोल) तातडीने काढून मिळण्याची सोय मार्पोल या सागरी प्रदूषणविरोधी आंतरराष्ट्रीय करारानेच बंधनकारक केली आहे.

समजा, जहाज ऐन भरतीला उथळ तळावर रुतलं. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. ओहोटी लागली की जहाजाच्या तळावर जमिनीचा रेटा वाढतो, स्टॅबिलिटी (तोल) घटते. अशा वेळी 'बॅलास्ट (तोलासाठी टाक्यांत भरलेलं पाणी) उपसा, हलकं करा' हे पटकन सुचतं. पण हलक्या जहाजाला पावसाळी लाटा किनाऱ्याकडे आणखी आत ढकलतात! त्यामुळे आधी गणित, मग पंप. त्यासाठी बंदर सोडतानाची लोडिंग कंडिशन (जहाजात कुठे किती वजन आहे) ऑफिसात आधीच आलेली हवी. रुतल्यावर दोन्ही बाजूंचे ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडालंय), टाक्यांचं साउंडिंग (आतल्या पातळीचं माप) आणि भोवतालची खोलीही हवी.

कार्गोची यादीही हाताशी हवी. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा कंटेनर समुद्रात वाहून गेले, चॅनल (बंदराचा जलमार्ग) बंद ठेवावं लागलं; अशा वेळी कुठल्या कंटेनरमध्ये काय आहे हे लगेच सांगता आलं पाहिजे.

बाकी कोस्ट गार्डचं एमआरसीसी (समुद्रातल्या बचावकार्याचं समन्वय केंद्र), टग (ओढबोटी), प्रेस वगैरेंना कळवणं ठरलेलंच. फक्त कॅप्टनशी एकानेच बोलावं. सगळे साहेब एकदम फोन करतात, आणि तो बिचारा ब्रिजवर उत्तरंच देत बसतो. ड्रिलही रविवारी पहाटे, न सांगता घ्या.