प्रति: एकाच बाजूचा फॉग लॅम्प बंद, आणि डीआरएलचा (दिवसा आपोआप लागणाऱ्या समोरच्या दिव्याचा) वाद

तुमच्यासारखा एकाच बाजूचा, म्हणजे डावा, फॉग लॅम्प (धुक्यासाठीचा दिवा) बंद असेल तर फ्यूज-रिलेच्या मागे लागू नका. बहुतेक गाड्यांत दोन्ही फॉग लॅम्पना मिळून एकच फ्यूज असतो, तो उडाला की दोन्ही विझतात. नवा बल्ब टाकूनही डावा पेटत नसेल तर संशय कनेक्टरवर आणि अर्थिंगवर. चाकाच्या आतलं प्लॅस्टिक लायनर थोडं सोडवा, प्लग जोडलेलाच ठेवून स्विच ऑन करा. मल्टिमीटरची (व्होल्ट मोजायच्या यंत्राची) एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी प्लगच्या मागून अर्थच्या वायरला. रीडिंग शून्याजवळ हवं. १२ व्होल्ट दिसले तर अर्थिंग तुटलंय. रीडिंग शून्य, तरीही दिवा बंद, तर मग पॉझिटिव्ह बाजू तपासा. पावसाळ्यानंतर कनेक्टरच्या पिनांवर गंजाचा हिरवट थर हमखास सापडतो.

५५ वॉटच्या जागी १०० वॉटचा बल्ब मात्र घालू नका. करंट साडेचारवरून आठ अँपिअरच्या पुढे जातो, फ्यूज टिकला तरी होल्डर वितळतो.

आता ‘डीआरएल आहे, मग फॉग लॅम्प कशाला?’ हा मुद्दा. डीआरएल समोरच्याला दिसण्यासाठी असतो, रस्ता उजळायला नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत त्याच्यासोबत मागचे दिवे लागतच नाहीत. आंबोली घाटात भर दुपारी धुकं उतरलं की हेडलॅम्पच्या ‘ऑटो’ सेन्सरला लख्ख उजेडच दिसतो, हेडलॅम्प लागत नाही आणि मागून येणाऱ्या ट्रकसाठी तुमची गाडी अदृश्य. लो बीम (हेडलॅम्पचा खालचा झोत) हातानेच लावा.