डिफरेन्शियल इव्होल्यूशन: कमी बजेटमध्ये पॉप्युलेशन किती ठेवावं? मदत हवी आहे

डिफरेन्शियल इव्होल्यूशन म्हणजे उमेदवार उत्तरांचा (व्हेक्टरचा) एक गट, म्हणजे पॉप्युलेशन, घेऊन त्यांच्यातल्या फरकांच्या मदतीने पिढ्यान्‌पिढ्या चांगलं उत्तर शोधणारी पद्धत. माझ्या प्रश्नात ३० व्हेरिएबल्स आहेत. एका सिम्युलेशनला २ सेकंद लागतात, मशीन एकच, त्यामुळे रात्रभरात जेमतेम २०,००० इव्हॅल्युएशन्स होतात. ग्रेडियंट (कोणत्या दिशेला उतार आहे ते) मिळत नाही.

आधी फिरवलेल्या (रोटेटेड) रास्ट्रिजिन या खूप खड्डे असलेल्या चाचणी-फंक्शनवर चाचणी घेतली (रँड/१/बिन हा मूळ प्रकार, फरकाला गुणणारा एफ ०.५, नवे घटक घेण्याची शक्यता सीआर ०.९, २० वेगवेगळे सीड म्हणजे रँडम सुरुवाती). पॉप्युलेशन ३० ठेवलं की सगळे व्हेक्टर एकाच खड्ड्यात गोळा होतात. मग फरकच उरत नाही, म्हणून त्या फरकांवरच चालणारं म्युटेशनही (उत्तरांमध्ये बदल करणं) थंडावतं. ३०० ठेवलं तर विविधता टिकते, पण पिढ्या फक्त ६६ होतात आणि किंमत (फंक्शनचं जे मूल्य कमी करायचंय ते) फारशी उतरतच नाही. एफ ०.८ केला, अडकणं लांबलं एवढंच.

ही पद्धत मांडणारे स्टॉर्न आणि प्राइस यांचा १९९७ मधला सल्ला व्हेरिएबल्सच्या ५ ते १० पट, म्हणजे १५० ते ३००. एल-शेड (पॉप्युलेशन हळूहळू कमी करणारा याच पद्धतीचा प्रकार) १८ पटीने, म्हणजे ५४० ने सुरुवात करून ४ पर्यंत उतरतं. पण एल-शेडचे ते आकडे ३ लाख इव्हॅल्युएशन्सच्या हिशोबाने बसवलेले आहेत, माझ्याकडे त्याचा जेमतेम पंधरावा हिस्सा आहे. सीएमए-ईएस (ग्रेडियंटशिवाय चालणारी दुसरी शोधपद्धत) हा पर्याय माहीत आहे. मला आधी हे नीट समजून घ्यायचंय.

इतक्या बजेटमध्ये पॉप्युलेशन उतरतं ठेवायचं तर सुरुवात कितीने करावी, आणि कमी करताना फक्त सर्वात वाईट व्हेक्टरच काढावेत का?