'कंबरलँड लॉज'मधल्या लॉजला मराठीत काय म्हणायचं?

इंग्लंडातल्या कंबरलँड लॉजवर मराठीत लेख लिहितेय. विंडसर ग्रेट पार्कमधलं सतराव्या शतकातलं घर, १९४७ पासून शैक्षणिक परिषदांसाठी दिलेलं. पण आपल्याकडे लॉज म्हटलं की एसटी स्टँडसमोरचं बोर्डिंग-लॉजिंगच डोळ्यासमोर येतं. वाडा लिहू, गढी की कोठी? आणि कॉन्फरन्स सेंटरला परिषद केंद्र चालेल का?

--

नावातलं लॉज तसंच ठेवा हो, विशेषनाम आहे ते. पण वर्णनात वाडा नको आणि गढी तर नकोच, कारण वाडा म्हटलं की घराणं आलं, अमक्या देशमुखांचा वाडा, आणि हे घर एका घराण्याचं कधी नव्हतंच. राजेशाही उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या काळात राजाच्या जमिनी विकल्या गेल्या तेव्हा जॉन बायफील्ड नावाच्या कॅप्टनने ते बांधलं, १६६० ला राजेशाही परत आली आणि घर राजाकडे गेलं, मग त्या पार्कचा रेंजर तिथे राहायला लागला. हा रेंजर म्हणजे आपल्या जंगलखात्यातला नव्हे, मानाचं पद होतं ते. सारा चर्चिल, मार्लबरोची डचेस, तिथे राहिली, पुढे दुसऱ्या जॉर्ज राजाचा मुलगा ड्यूक ऑफ कंबरलँड, त्याच्यावरून आजचं नाव. घर पदाबरोबर यायचं, कलेक्टरच्या बंगल्यासारखं, म्हणून मी 'रेंजरचा बंगला' लिहीन.

--

बंगला पटला. कोठी म्हटलं की मला तरी धान्याचीच आठवते.

परिषद केंद्र मात्र नको वाटतं, त्यात स्टेज, सत्कार आणि खुर्च्यांच्या रांगा आल्या. ज्यांच्या कल्पनेतून हे केंद्र सुरू झालं त्या एमी बुलर बाईंना ते नको होतं. १९३० च्या दशकात त्या ब्रिटिश प्राध्यापक वगैरे मंडळींना घेऊन जर्मनीत गेल्या, तिथली शिकलेली माणसं, विद्यापीठंसुद्धा नाझींपुढे कशी वाकली ते त्यांनी जवळून पाहिलं, १९४३ ला त्यावर पुस्तक लिहिलं. विद्यार्थ्यांनी आपापल्या विषयाच्या बाहेर पडून एकमेकांशी आणि शिक्षकांशी मोकळं बोलावं, एकत्र राहावं, जेवावं, हा त्यांचा ध्यास, आणि त्यासाठी सहाव्या जॉर्ज राजाने १९४७ ला हे घर दिलं. अभ्यासवर्गही चालणार नाही, त्यात एकजण बोलतो नि बाकीचे वही काढून बसतात. 'निवासी चर्चाकेंद्र' करा, राहणं आणि बोलणं दोन्ही येतं त्यात, आणि पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे कॉन्फरन्स सेंटर असंही लिहून टाका.