पत्रकार गप्प बसले, हाच खरा दोष

डोपिंगच्या (म्हणजे बंदी असलेली औषधं घेण्याच्या) बातम्या देऊन 'माध्यमांनीच सायकलिंगला बदनाम केलं' असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. उलट बहुतेक पत्रकार फार काळ गप्प बसले. १९९९ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतच अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या लघवीच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइड हे बंदी असलेलं औषध सापडल्याचं 'ल मोंद' या फ्रेंच दैनिकाने छापलं होतं. सीट घासून झालेल्या जखमेवरच्या मलमाची, मागची तारीख घातलेली डॉक्टरची चिठ्ठी पुढे करून ते प्रकरण मिटवलं गेलं. 'संडे टाइम्स'चे पत्रकार डेव्हिड वॉल्श प्रश्न विचारत राहिले, तर आर्मस्ट्राँगने त्या पेपरवर खटला भरला आणि २००६ मध्ये पेपरला पैसे मोजून तडजोड करावी लागली. आर्मस्ट्राँगच्या संघात मालिश करणारी एमा ओ'रायली डोपिंगबद्दल खरं बोलली, तर तिची नालस्ती झाली. आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं गेली ती थेट २०१२ साली.

मी दर रविवारी सायकलने सिंहगड चढतो. गोळेवाडीच्या नाक्यानंतर घाट सुरू झाला की मांड्या पेटतात, हँडलवर घाम ठिबकतो, आणि बाजूने कुणी सपासप वर गेला की मनापासून कौतुक वाटतं. त्या कौतुकाचीच फसवणूक झाली, म्हणून राग येतो. त्याच १९९९ च्या टूरमध्ये क्रिस्तोफ बासों हा स्वच्छ सायकलपटू वर्तमानपत्रातल्या सदरात डोपिंगबद्दल लिहीत होता. बाकीच्यांनी त्याला एकटं पाडलं, स्पर्धा अर्धवट सोडून तो घरी गेला. मला तरी त्याचं नाव आपल्याकडच्या एकाही पेपरात वाचल्याचं आठवत नाही.