मदत हवी आहे: आईच्या गोळ्यांचा हिशेब

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आई ६८ वर्षांची, बीपीची गोळी चालू. गुडघ्यासाठी ती कॉम्बिफ्लाम घेते, कणकण वाटली की डोलो ६५०, आणि परवा मेडिकलमधून सर्दीची गोळीही आणली. काल चष्मा लावून पाकिटं वाचली, तर तिन्हींत पॅरासिटामॉल! ३२५, ६५० आणि ५०० मिलिग्रॅम; एकेक घेतली तरी १४७५. आई म्हणते, "रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं." आता काय बोलणार!

दिवसाला ४००० च्या वर जायचं नाही हे ठाऊक आहे, पण या वयात किती? शिवाय कॉम्बिफ्लाममधलं ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन बीपीवाल्यांना चालतं का? डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर नुसती डोलोच द्यावी का? कुणी फार्मासिस्ट असेल तर कृपया सांगा.