सीबी रेडिओ गाडीत कुठे बसवावा? माझं मत: ड्रायव्हरपासून लांब

तिसरागिअर
ताम्हिणी, वरंध, मढे घाट अशा बाजूला तीन-चार गाड्या मिळून निघालो की मुळशीच्या पुढे मोबाइल कधी मान टाकेल याचा नेम नसतो. २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड (सीबी), म्हणजे गाडीतून गाडीशी बोलायचा वायरलेस, आपल्याकडे २००५ पासून ५ वॅटपर्यंत विनापरवाना वापरता येतो, म्हणून मित्रमंडळी सेट घेतात आणि मग विचारतात, बसवायचा कुठे? ज्याला त्याला एकच उत्तर मिळतं: डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशी.

मला हे उत्तर साफ नामंजूर आहे. ते अमेरिकेतून जसंच्या तसं उचललेलं आहे. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, सेट त्याच्या उजव्या हाताला येतो, आणि बऱ्याच सेटांचं माइकचं सॉकेट डाव्या टोकाला असतं, म्हणजे बरोबर त्याच्या बाजूला. आपल्याकडे सेट ड्रायव्हरच्या डावीकडे जातो आणि सॉकेट लांबच्या टोकाला. मग ती वेटोळ्यांची वायर सगळ्या बटणांवरून आडवी येते आणि गिअरच्या दांड्याला मिठी मारते. घाटाच्या वळणावर दुसरा गिअर टाकताना हे नको.

उलट डावीकडच्या सीटवर बसलेला माणूस सेटच्या दृष्टीने अमेरिकी ड्रायव्हरच आहे! सेट त्याच्या उजवीकडे, सॉकेट त्याच्या जवळ. म्हणून मधल्या कन्सोलच्या डाव्या अंगाला किंवा ग्लोव्ह बॉक्सखाली उजव्या कोपऱ्यात बसवा. बोलणं शेजाऱ्याचं काम, चालवणं ड्रायव्हरचं.

घाटमाथा
शेजारी माणूस आहे हे परस्पर गृहीत धरलंत. आमच्या गाडीत त्या सीटवर दोर, हवेचा पंप आणि चिवड्याची पिशवी असते. निम्मे लोक एकटे येतात आणि उरलेल्यांचा शेजारी पिरंगुटला झोपतो तो थेट माणगावला उठतो.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे ग्लोव्ह बॉक्सखाली बसवला तर आवाज कमी करायला मला पट्टा ताणून डावीकडे आडवं व्हावं लागेल. समोरून एसटी येत असताना! वायर आडवी येते हे मान्य, पण त्याला एका हुकाचा उपाय आहे. माइक सेटवर अडकवायचाच कशाला? डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, स्टिअरिंगच्या डावीकडे हुक लावा, वायर सेटच्या खालून घ्या. सेट ड्रायव्हरजवळच हवा. खड्डा पहिल्यांदा त्यालाच दिसतो.

नियमावली
हुक कुठेही लावा, चालवताना माइक हातात धरणं हाच मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरायच्या संपर्क साधनांचा वापर धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातला. त्यात मोबाइल असं वेगळं नाव नाही. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. माइक हातात धरून बोलणारा ड्रायव्हर यातून कसा सुटतो ते मला कुणी समजावून सांगावं. धागाकर्त्याची बाजू मला म्हणूनच पटते.

घाटमाथा
चांदणी चौकात चालू गाडीवर रील बघणारे सुटतात आणि वरंधात "पुढे दरड आहे" सांगणारा मी आत जाणार. छान.

नियमावली
ते सुटतात म्हणून तुम्हीही सुटावं, हा युक्तिवाद कोर्टात करून बघा. बाजूला थांबून बोला की.

डावीसीट
ज्या सीटबद्दल सगळे बोलताय तिथे मी बसते. दोन गोष्टी.

एक, ग्लोव्ह बॉक्सखाली बसवलेला सेट म्हणजे नडगीसमोर लोखंडी कोपरा. ब्रेक जोरात लागला की काय होतं ते बसणाऱ्याला कळतं, बसवणाऱ्याला नाही. आणि डॅशबोर्डच्या वर तर कुणी सुचवूच नका. १ एप्रिल २०२१ नंतर आलेल्या नव्या मॉडेलांना माझ्या बाजूलाही एअरबॅग सक्तीची आहे, ती तिथूनच फुटते. वर किलोभराचा डबा ठेवलात तर तो माझ्या तोंडावर येईल. शिवाय चैत्र-वैशाखात उन्हात उभ्या गाडीत काचेखाली प्लास्टिकसुद्धा मऊ पडतं.

दोन, ऐकू येत नाही. बहुतेक सेटांचा स्पीकर तळाला असतो. खाली सतरंजी आणि पाय असले की आवाज तिथेच मुरतो. मग दोघांनाही सारखं "काय म्हणाला?" करावं लागतं. त्यापेक्षा वेगळा छोटा स्पीकर दोन्ही सीटच्या मध्ये वर लावा. मागे ३.५ मिमीचं सॉकेट असतं, पिन खुपसली की झालं. हे एवढं केलं तर सेट कुठे आहे याने फारसं बिघडत नाही.

तिसरागिअर
नडगीचा मुद्दा बिनशर्त मान्य. ग्लोव्ह बॉक्सखालची जागा मी मागे घेतो, कन्सोलच्या डाव्या अंगाची घेत नाही.

वायरमन
तुम्ही सगळे डब्यावर भांडताय. डबा डिकीत टाकला तरी चालतो, अँटेना नाही चालत. २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटरची. पाव लहरीचा दांडा म्हणजे पावणेतीन मीटर. तो लावून कर्वे रोडला निघालात तर झाडं आणि केबलवाले दोघेही शिव्या देतील. म्हणून कॉइल घालून आखूड केलेली अँटेना, आणि ती जितकी आखूड तितकी तिला खाली पत्र्याची गरज जास्त. छताच्या मधोमध सगळ्यात उत्तम.

मागच्या डाव्या कोपऱ्यात लावलीत तर जोर पुढच्या उजव्या दिशेला जातो, कारण सगळा पत्रा त्या बाजूला असतो. ताफ्यातल्या शेवटच्या गाडीला हे फायद्याचं, पहिल्या गाडीला उलटं. कापडी छताच्या थारवाल्यांना चुंबकाची अँटेना चिकटवायला पत्र्याचं छतच नाही, त्यांनी बॉनेटच्या कडेचा क्लॅम्प बघावा. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारं) लावून तपासल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका. दोनच्या वर दाखवलं तर आधी अर्थिंग बघा, मग लांबी. केबल काचेशेजारच्या खांबाच्या प्लास्टिकमधून ओढताना तिथे पडदा एअरबॅग (खिडकीवर उघडणारी) आहे का ते पाहा, तिच्या पुढून नेऊ नका.

आणि करंट बॅटरीतूनच घ्या, फ्यूज बॅटरीजवळ. लायटरच्या सॉकेटला मोबाइल चार्जर आणि डॅशकॅमच्या शेजारी जोडलात की एएमवर नुसती घरघर. हे सेट बहुतेक १२ व्होल्टचे असतात. मोठ्या ट्रकचा २४ व्होल्ट थेट दिलात तर वास येईल.

नियमावली
अँटेनाबाबत २००५ चे नियम काय म्हणतात ते वाचूनच छताला हात लावा. सेटला ईटीए (वायरलेस उपकरणाला लागणारी सरकारी मान्यता) आहे का हेही विचारा.

घाटमाथा
वायरमन यांनी डिकी म्हटलं ते चेष्टेत, पण खरंच तसे सेट मिळतात. सगळी बटणं आणि पडदा माइकमध्येच, डबा सीटखाली. जागेचा वाद तिथेच संपतो.

तिसरागिअर
जागेचा संपतो, हाताचा नाही. तो माइक मोबाइलएवढा, आणि चॅनल बदलायला त्याच्याकडे बघावं लागतं. साध्या सेटची गोल चकती न बघता फिरवता येते. ड्रायव्हरसाठी हा प्रकार उलट वाईट.

डावीसीट
माझ्यासाठी मात्र चांगला. एक आहे, सीटखाली डबा ठेवणार असाल तर सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून बघा, रुळात वायर चेमटते. पावसाळ्यात चिखलाचे बूट तिथेच येतात, म्हणून डबा तळाला न टेकवता थोडा उचलून बसवा.

घाटमाथा
ठीक. एकट्याने जाणाऱ्याला सेट डाव्या गुडघ्याशी, माइकला वेगळा हुक, आणि बोलायचं झालं तर गाडी कडेला. यापलीकडे मी हलणार नाही.

तिसरागिअर
कडेलाच थांबणार असाल तर सेट गुडघ्याशी कशाला हवा? थांबल्यावर हात कन्सोलच्या डाव्या अंगालाही पोचतो.

घाटमाथा
आवाज कमी-जास्त करायला! ते चालत्या गाडीत लागतं.

वायरमन
भोकं पाडायच्या आधी दोन्ही जागी वेल्क्रो लावून एकदा ताम्हिणी उतरा. पट्टा लावून, गिअर टाकत. नंतर ड्रिल काढा.